पारनेरची गाडी फळीवर: छोट्या रेल्वेचा देखावा स्वस्तात उभारताना काय करावे, काय टाळावे

पारनेर गावाला रेल्वे नाही. १८७८ साली सुरू झालेला दौंड–मनमाड मार्ग पूर्वेकडून, विसापूर, सारोळा, अकोळनेर करत अहिल्यानगरला जातो. पारनेरच्या माळावरून धावणारी गाडी पाहायची असेल तर ती घरातल्या फळीवरच धावायला हवी. रूळ आणि इंजिन विकत घ्यावे लागते, त्याला इलाज नाही. डोंगर, माळ, बाभळी, बांध, कांद्याची चाळ मात्र विकत घेण्याची काही गरज नाही. परदेशी पाकिटांतली तयार हिरवळ महाग असते आणि तिचा हिरवा रंग दुसऱ्याच देशाच्या कुरणांचा असतो. आपला देखावा आपल्या शिवारातच पडलेला आहे. ज्या हातांनी दिवाळीत किल्ला केला, त्यांना यातले निम्मे काम आधीच येते.

आधी काय ठरवावे

करावे: एकच ऋतू निवडावा. पारनेर पर्जन्यछायेत आहे. श्रावणापासून आश्विनापर्यंत माळ हिरवा असतो, दिवाळीनंतर पिवळा पडत जातो आणि फाल्गुनात तपकिरी होतो. माझे मत विचाराल तर मार्गशीर्ष-पौष घ्यावा. गवत वाळलेले, रब्बीची ज्वारी उभी, कांद्याचे वाफे भरलेले. रंगही सगळे मिळतात आणि खर्चही कमी होतो, कारण वाळलेल्या गवताचे सामान फुकटात मिळते.

करावे: मापांचा तक्ता करून भिंतीवर लावावा. १:८७ या प्रचलित प्रमाणात माणूस जेमतेम १.९ सेंटिमीटरचा होतो. दोन मीटर वाढलेली ज्वारी २.३ सेंटिमीटर, सहा मीटरची बाभूळ ७ सेंटिमीटर, बारा मीटरचा लिंब जवळपास १४ सेंटिमीटर. सगळ्यांत जास्त चूक झाडांत होते. झाडे बुटकी करायची आणि माणसे मोठी, ही सवय किल्ल्यावरून येते. किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा मोठा चालतो, रेल्वेत चालत नाही.

करावे: जागा कमी असेल तर नॅरोगेजचा विचार करावा. आपल्या शेजारीच बार्शी लाइट रेल्वे होती. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झालेली, ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची. १:८७ प्रमाणात ही रुंदी ८.८ मिलिमीटर होते, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात. ते त्याहून लहान, १:१६० प्रमाणाच्या गाड्यांसाठी बनवलेले असतात. म्हणजे रूळ आणि चाके त्या गाडीची घ्यावीत, डबे मात्र पुठ्ठ्याचे १:८७ मध्ये स्वतः करावेत. सारोळ्याहून पारनेरला येणारा असा एखादा फाटा कल्पनेने आखता येतो. ब्रॉडगेजचा डबा १:८७ मध्ये साधारण २४.५ सेंटिमीटर लांब होतो आणि आखूड वळणावर बाहेर लटकतो. नॅरोगेजच्या आखूड डब्यांना ती अडचण नाही.

टाळावे: पहिल्याच खेपेला खोलीभर पसारा. एक फूट रुंद, सहा फूट लांब फळी पुरते. गाडी गोल फिरणार नाही, पण स्टेशनात येईल, थांबेल, डबे सोडेल आणि परत जाईल. खरी गाडीही हेच करते. फळी नवी घेऊ नये. जुने सपाट दार, मोडलेल्या कपाटाचा फळा, काहीही चालते, फक्त वाकलेले नको.

टाळावे: विजेचे खांब आणि वरच्या तारा. डिझेलचा किंवा वाफेचा काळ निवडला की हा सगळा खर्च आणि कटकट वाचते.

करावे: पुण्याला गेलात की कोथरूडमधले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले हे काम १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. गाड्या पाहाव्यातच, पण निम्मा वेळ रूळ आणि जमीन जिथे मिळतात तिथे नजर ठेवावी. शिकण्यासारखे खूप तिथेच असते.

डोंगर

करावे: डोंगराचा माथा सपाट ठेवावा. हा दख्खनचा बेसॉल्ट आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरून झालेला. म्हणून आपल्या डोंगराला पायऱ्या असतात. वर पठार, मग उभा काळा कडा, मग मुरमाचा उतार, पुन्हा कडा. खोक्यांचे पुठ्ठे आडवे कापून एकावर एक चिकटवले की या पायऱ्या आपोआप येतात. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगचे थर्माकोल घरात आलेले असेल तर तेही वापरावे, मुद्दाम विकत आणू नये.

टाळावे: टोकदार शंकूचा डोंगर आणि त्यावर पांढरा बर्फ. कॅलेंडरवरचा डोंगर पारनेरमध्ये दिसत नाही.

करावे: वरचे कवच गोणपाटाचे करावे. किल्ला करताना विटा-दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट आपण अंथरतो. अमेरिकेत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी जी पद्धत घरोघरी नेली, ती या पद्धतीची बहीणच आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेला कागद पसरायचा. आत पोकळ, बाहेर टणक, उचलायला हलके. आपण दोन्हींचा मेळ घालावा. बिस्किटांच्या खोक्यांच्या दोन बोटे रुंद पट्ट्या, उभ्या-आडव्या विणून स्टेपल केलेल्या. त्यावर जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे हातभर तुकडे, प्लास्टरमध्ये बुडवून, एकमेकांवर थोडे चढवून. गोणपाट जाड असते, ते फक्त कड्याच्या जागी वापरावे, तिथे त्याचा खरबरीतपणा कामाला येतो.

करावे: प्लास्टर नेहमी पाण्यात टाकावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये, गाठी होतात. एका वेळी वाटीभरच कालवावे. फुटक्या रबरी चेंडूची अर्धी वाटी यासाठी उत्तम. उरलेले प्लास्टर घट्ट झाले की वाटी दाबायची, सगळे तुकडे सुटून येतात.

टाळावे: ती वाटी मोरीत धुणे. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होते आणि मोरी तुंबते.

करावे: कड्याचा पोत खऱ्या दगडावरून घ्यावा. बांधावरचा खडबडीत, भेगाळ काळा दगड आणावा, त्यावर तेलाचा हात फिरवावा आणि मळलेली शाडू बोटभर जाडीची दाबून बसवावी. अलगद सोडवली की साचा तयार. त्यात प्लास्टर ओतावे. एक साचा एकदाच चालतो, पण शाडू पुन्हा मळून दुसऱ्या दगडावर दाबता येते. गणपतीच्या मूर्तीची शाडू शिल्लक असेल तर ती याच कामाला ठेवावी.

करावे: डोंगराच्या उतारावर समतल चर काढावेत. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाचे जे काम झाले, त्याने या भागातल्या टेकड्यांचे रूपच बदलले. उतारावर एका पातळीतल्या आडव्या रेघा, खाली नालाबांध, त्याखाली पाझर तलाव. प्लास्टर ओले असतानाच दातकोरणीने या रेघा ओढाव्यात आणि चराच्या खालच्या काठावर मातीची बारीक वरंबी ठेवावी. ही एक खूण पाहिली की नगर जिल्ह्यातला माणूस डोंगर लगेच ओळखतो. कुठल्याही दुकानातल्या पाकिटात ही खूण मिळणार नाही.

टाळावे: बोगदा. या पठारावर त्याचे काम नाही. गाडी नजरेआड करायची असेल तर दोन टेकड्यांमधली खिंड करावी. हौसेने बोगदा केलाच तर आत हात पोहोचला पाहिजे, कारण गाडी घसरते ती नेमकी तिथेच.

माती

हा भाग सविस्तर सांगतो, कारण स्वस्त देखावा मातीवरच उभा राहतो किंवा पडतो.

करावे: तीन प्रकारची माती गोळा करावी. माळावरचा लालसर मुरूम, ओढ्याकाठची भुरकट पोयटा आणि शेतातली काळी. प्रत्येकी एक डबाभर पुरते. ऊन दाखवून कुटावी, आधी पिठाच्या चाळणीने आणि मग जुन्या सुती कापडाने गाळावी. जमिनीला वस्त्रगाळ माती लागते. चाळणीवर राहिलेले खडे टाकू नयेत, डोंगराच्या पायथ्याचे दरडीचे दगड म्हणून तेच वापरायचे असतात.

करावे: माती तव्यावर कोरडी भाजून घ्यावी. तिच्यातली अंडी, बिया, बुरशी मरते. न भाजलेल्या मातीला पहिल्या पावसाळ्यात फळीवर कोंब फुटतात.

करावे: भाजलेल्या मातीवरून चुंबक फिरवावे. हे काम कुणी चुकवू नये. बेसॉल्टच्या मातीत लोहाचे काळे कण असतात, चुंबकाला चिकटणारे. इंजिनाच्या मोटारीतही चुंबक असते. माती रुळाजवळ पसरली की हे कण वर ओढले जातात, मोटारीत शिरतात आणि देखाव्यातली एकमेव महागडी वस्तू बिघडते. माती ताटात पातळ पसरावी. जुन्या स्पीकरचे चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावे आणि मातीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवावे. पिशवीला काळी केसाळ दाढी फुटते. ताटाबाहेर नेऊन पिशवी उलटी करून सोडवली की कण गळून पडतात. दाढी येणे थांबेपर्यंत हे करत राहावे. ओढ्यातल्या वाळूत हे कण मातीपेक्षाही जास्त निघतात.

टाळावे: काळ्या मातीचा पाया. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. रूळ तिच्यावर सरळ राहत नाहीत. तिचा हात फक्त वरून द्यावा, भुरभुरून, शेताच्या जागी. एखाद्या कोपऱ्यात मात्र तिचा पातळ चिखल मुद्दाम उन्हात वाळू द्यावा. आटलेल्या तळ्याच्या तळाच्या भेगा इतक्या हुबेहूब कोणत्याही रंगाने जमत नाहीत.

टाळावे: ओल्या मातीवर रूळ ठेवणे. रूळ गंजतात आणि चाकांना वीज मिळेनाशी होते. जमिनीचे सगळे ओले काम आधी, मग आठवडाभर वाळवण, मग रूळ.

खडी

करावे: खडीचा आकार मोजून घ्यावा. भारतीय रेल्वेची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते, १:८७ मध्ये ती पाऊण मिलिमीटर होते. बांधकामावरची दगडाची कच रव्याच्या चाळणीतून पडली आणि मैद्याच्या चाळणीवर राहिली, की ती बरोबर त्या मापाची. खरीही दगडाचीच असते, त्यामुळे रंगाचा प्रश्न नाही. चुंबक इथेही फिरवायचे.

करावे: कोरडी खडी आधी कुंचल्याने नीट बसवावी. मग पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून फवारणीच्या बाटलीने धुक्याइतकी बारीक फवारणी करावी. खडी ओली झाली की एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी, सुई काढलेल्या सिरिंजने थेंबाथेंबाने सोडावे. साबणाशिवाय थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी वाहून जाते. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ एकही थेंब नको.

टाळावे: नदीतली वाळू उपसून आणणे. आणि निघोजच्या कुंडावरून तर खडाही उचलू नये. कुकडीच्या पात्रातले ते रांजणखळगे पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडांनी कित्येक शतके कोरलेले आहेत. आपल्या देखाव्यात ते हवे असतील तर ओल्या प्लास्टरमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या गोट्या दाबून फिरवाव्यात. खळगा तसाच गुळगुळीत, गोल उतरतो.

गवत आणि झाडे

करावे: वाळल्या गवतासाठी काथ्या आणि सुतळी. काथ्या पिंजून ५-६ मिलिमीटरचे तुकडे करावेत, म्हणजे गुडघ्याइतक्या कुसळी गवताचे माप जुळते. चिमटीत जुडगा धरून बुडाला फेव्हिकॉल लावावा आणि उभा ठेवावा. माळभर सारखे लावू नये. दगडाच्या आडोशाला, बांधाच्या कडेला दाट, मध्ये उघडा मुरूम.

करावे: हिरव्यासाठी वखारीतला भुसा. कापड रंगवायची पूड गरम पाण्यात विरघळवून त्यात भुसा बुडवावा, रद्दीवर पसरून सावलीत वाळवावा. हिरव्याच्या तीन छटा, पिवळसर एक, तपकिरी एक. भुरभुरताना सगळ्या मिसळाव्यात. एकाच छटेचा भुसा लांबून गालिचा दिसतो. चहाचा चोथा धुऊन, वाळवून ठेवला तर शेणखताचे ढीग आणि पालापाचोळा त्यातून होतो.

टाळावे: हळद आणि कुंकवाचे रंग. उन्हात महिनाभरात उडतात.

करावे: बाभळीसाठी इलेक्ट्रिशियनकडची टाकाऊ वायर घ्यावी. आतल्या तांब्याच्या बारीक तारा काढून पीळ द्यावा, वर एकेक तार सोडत फांद्या कराव्यात. बाभूळ वर पसरते, छत्री सपाट होते, हे विसरू नये. फेव्हिकॉलमध्ये काजळी आणि वस्त्रगाळ माती कालवून खोडाला लावली की काळपट, भेगाळ साल मिळते. लिंबासाठी वाळलेल्या तुळशीच्या काड्या फार चांगल्या, त्यांची फुटव्यांची ठेवण खऱ्या झाडाच्या अगदी जवळची असते. मेथी-कोथिंबिरीची मुळे धुऊन, वाळवून उलटी रोवली की निष्पर्ण झुडपे तयार. रुळाच्या कडेला घायपात हवीच, ती कागदाच्या टोकदार पट्ट्या कापून करावी.

टाळावे: ओली पाने, ओले शेवाळ. चार दिवसांत काळी पडतात, मग किडे होतात. किल्ल्यावरचे अळीव आठवडाभरासाठी सुंदर दिसते, ते किल्ल्यावरच राहू द्यावे.

टाळावे: झाडांच्या पानांसाठी रंगवलेला स्पंज घरातल्या मिक्सरमधून काढणे. त्या भांड्यात पुन्हा चटणी वाटता येत नाही आणि वाटणाऱ्याला रागही येतो.

घरे, चाळी

करावे: धाब्याचे घर करावे. जाड पुठ्ठ्याच्या भिंती, त्यावर शाडूचा पातळ हात, वरचे छप्पर सपाट आणि पांढऱ्या मातीचे. कौलारू बंगल्याच्या तयार संचापेक्षा हे एक घर गावाची ओळख जास्त सांगते. जामगावचा महादजी शिंदे यांचा वाडा याच तालुक्यातला. दगडी कामाचा पोत पाहायला एकदा जाऊन यावे. वाडा करायचा तो मात्र मागच्या पडद्याजवळ, लहान मापात, म्हणजे लांब असल्याचे वाटते.

करावे: स्टेशनाशेजारी कांद्याची चाळ. अगरबत्तीच्या उरलेल्या काड्यांच्या उभ्या पट्ट्या, मध्ये हवेसाठी फट, खाली दगडांवर उचललेली. पत्र्यासाठी अॅल्युमिनियम फॉइल फणीच्या दातांवर नखाने घासावे, नाळीदार पत्रा उमटतो. आत मोहरीचे दाणे फिक्या गुलाबी रंगात घोळवून भरले की कांदा झाला.

करावे: ज्वारीच्या धाटाची गाडी. सोललेल्या धाटाचे पांढरे भेंड आणि वरची चिपाडे जोडून मुले बैलगाड्या करत आली आहेत. तेच भेंड ब्लेडने कापून कट्टे, पोती, ओंडके होतात. हलके, फुकट आणि हातात मऊ. ज्यांना हे येत होते त्या आजोबांना बोलावून बसवावे.

काही गोष्टी मुळीच करू नयेत

टाळावे: खळीत काहीही न घालता कागदाचा लगदा चिकटवणे. कसर आणि झुरळे लागतात. पुस्तके बांधणारे जुने कारागीर खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, म्हणून हातमोजे घालून मोठ्या माणसानेच घालावे. घरात लहान मूल असेल तर खळ सोडून फेव्हिकॉलच वापरावा.

टाळावे: थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा वॉर्निश. विरघळून खड्डे पडतात. तळ्याचे पाणी दाखवायला वॉर्निशचे पातळ हात द्यायचे असतील तर खाली लाकूडच असावे. पारनेरच्या ओढ्यात तसेही वर्षातले बरेच महिने वाळूच असते, तीच खरी.

टाळावे: वीजपुरवठ्यात काटकसर. रुळांना १२ व्होल्टचाच, चांगल्या प्रतीचा पुरवठा घ्यावा. घरच्या २३० व्होल्टवर काही जुगाड करू नये. फवारणी आणि सगळे ओले काम करताना प्लग काढलेला असावा.

टाळावे: प्लास्टरची आणि मातीची कोरडी पूड बंद खोलीत चाळणे. अंगणात, तोंडाला फडके बांधून चाळावी.

पैसे वाचले की ते रुळांवर खर्च करावेत. स्वस्त रुळावर गाडी अडखळते आणि अडखळणाऱ्या गाडीकडे मुले फिरून पाहत नाहीत, देखावा कितीही चांगला असो. माती, काथ्या, भुसा, काड्या यांना मात्र पैसा लागत नाही, वेळ लागतो. यंदाच्या दिवाळीचा किल्ला मोडताना ते गोणपाट, ती शाडू आणि चाळलेली माती फेकू नका. गोणीत भरून ठेवा आणि मुलांना सांगा की पारनेरचे स्टेशन आता आपल्यालाच बांधायचे आहे.